गिरणाकाठचे वन्यजीवन : ओळख, नोंद आणि राखण

वन्यजीवांच्या संवर्धनाचा विषय निघाला की ताडोबा आणि मेळघाट यांसारख्या व्याघ्रप्रकल्पांची नावे पुढे येतात, आणि जळगाव जिल्ह्यातील भडगावसारख्या कापूस, केळी व मका पिकवणाऱ्या तालुक्याकडे या दृष्टीने पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. वस्तुतः गिरणेचे वाळूचे पात्र, तिला मिळणारे ओढे-नाले, शेतांचे बांध, पडीक माळ आणि गावठाणातील जुने वड-पिंपळ ही सर्व वन्यजीवांची अधिवासस्थाने आहेत. अधिवास म्हणजे ज्या ठिकाणी जिवाच्या अन्न, पाणी, आसरा आणि वीण या चारही गरजा भागतात ते ठिकाण. आणि अशा ठिकाणांचा मोठा भाग कोणत्याही अभयारण्याच्या सीमेत येत नाही. तेथे पहारा नसतो, फलक नसतो, आणि तेथील जीव टिकणे हे सर्वस्वी भोवतालच्या माणसांच्या समजुतीवर अवलंबून असते. ही समजूत पुस्तकी उपदेशातून फारशी येत नाही. एखाद्या ठरावीक जागेवर वर्षभर जात राहून, तेथील जीव ओळखून आणि पाहिलेले लिहून ठेवूनच ती तयार होते. भडगाव परिसरातील विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी आणि निसर्गप्रेमी कुटुंबे यांनी हे काम कसे करावे, याचे मार्गदर्शन करणे हा या लेखाचा हेतू आहे.

परिसराची ओळख

नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावणारी गिरणा मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या भागांतून वाहत पुढे तापीला मिळते. नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण आणि त्याखालील जामदा बंधारा यांमुळे तिचा प्रवाह आता बारमाही राहिलेला नसून, पावसाळ्यातील पूर आणि धरणातून ठरावीक काळाने सोडले जाणारे पाणी, ज्याला या भागात आवर्तन म्हणतात, यांवर तो अवलंबून असतो. त्यामुळे वर्षाचा बराच काळ पात्रात वाळूचे विस्तीर्ण पट्टे, मधूनमधून उरलेले डोह आणि दोन्ही बाजूंना मातीच्या उभ्या दरडी असे दृश्य दिसते. वाळू, डोह आणि दरड या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे जीव राहतात, हे निरीक्षकाने प्रथम ध्यानात घ्यावे. गोट्यागोट्यांच्या वाळूवर टिटवी आणि कंठेरी चिखल्या अंडी घालतात. डोहांच्या कडेला बगळे, पाणकावळे, तुतवार आणि हळदीकुंकू बदके चरतात. तर दरडींमध्ये आडवी बिळे कोरून वेडा राघू आणि कवड्या खंड्या आपली पिल्ले वाढवतात.

शेतशिवाराचे जग याहून निराळे आहे. कापसाच्या शेतातील विजेच्या तारेवर बसलेला कोतवाल, नांगरामागून चालणारे गायबगळे, हवेत एका जागी पंख फडफडवत भक्ष्य हेरणारी कापशी घार आणि उडताना निळ्या पंखांनी लक्ष वेधणारा नीलपंख हे सर्व पक्षी पिकांवरील किडे व उंदीर खातात. बांधावरील बाभूळ, बोर, निंब आणि करवंदीच्या जाळ्यांत ससा, मुंगूस, रानमांजर आणि कोल्हा यांना आडोसा मिळतो. गावठाणातील जुन्या झाडांच्या ढोलीत पिंगळा, पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड आणि वड-पिंपळ-उंबरांच्या फळांवर हरियाल, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी, दिसू शकतो.

ज्यांना जंगलाची ओळख करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी शेजारच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीचा परिसर सोयीचा आहे. तो गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग असून, १९८६ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांच्या सीमेवर सुमारे २६० चौरस किलोमीटर क्षेत्रात पसरले आहे. हे शुष्क पानझडी वन आहे, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची बचत करण्यासाठी येथील बहुतेक झाडे पाने गाळतात, आणि त्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात प्राणी-पक्षी पाहणे तुलनेने सोपे जाते. विदर्भातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक नर वाघ शेकडो किलोमीटरचे शेतीप्रधान प्रदेश ओलांडून २०२१ मध्ये याच गौताळ्यात पोहोचला होता, यावरून नाले, बांध आणि झुडपी रान यांचे महत्त्व लक्षात यावे. कारण एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणाऱ्या प्राण्याचा मार्ग अशाच दुर्लक्षित पट्ट्यांतून जातो. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्यातील यावल अभयारण्य आणि तापी-पूर्णा संगमाजवळील हतनूर जलाशय ही आणखी दोन महत्त्वाची ठिकाणे होत. हिवाळ्यात येणाऱ्या पाणपक्ष्यांसाठी हतनूर विशेष प्रसिद्ध आहे.

बाहेर पडण्यापूर्वीची तयारी

निरीक्षणासाठी महागडी साधने लागतात हा समज सोडून द्यावा. पहिल्या काही महिन्यांत जाड पुठ्ठ्याची छोटी वही, पेन्सिल आणि उघडे डोळे-कान पुरेसे आहेत. पुढे दुर्बीण घ्यावयाची झाल्यास ८×४२ किंवा त्याच्या आसपासची घ्यावी. यातील पहिला आकडा प्रतिमा किती पटींनी मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दाखवतो. पट जितकी जास्त तितकी प्रतिमा हलते, म्हणून नवशिक्याने मोठ्या आकड्यांच्या मोहात पडू नये. पक्ष्यांच्या ओळखीसाठी मराठीत सचित्र मार्गदर्शिका उपलब्ध आहेत, आणि मराठी नावांच्या अभ्यासासाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ उपयोगी पडतो. कपडे मातकट किंवा फिकट हिरव्या रंगाचे असावेत, पायांत बंद बूट असावेत, आणि पाणी व टोपी विसरू नये, कारण खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा दीड तास हा उत्तम काळ. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर उघड्या पात्रात मुलांना नेऊ नये.

गिरणेच्या पात्रात उतरणाऱ्यांनी दोन बाबतींत विशेष सावध राहावे. धरणातून आवर्तन सुटणार असल्याची सूचना प्रशासन देते. त्या दिवसांत पात्रात जाऊ नये, कारण कोरडा वाटणारा पट्टा पाण्याखाली जाण्यास फार वेळ लागत नाही. दुसरे असे की वाळू उपशामुळे पडलेले खड्डे वरून उथळ दिसले तरी आत खोल असतात, त्यामुळे अनोळखी डोहात पाय घालू नये आणि मुलांना एकटे सोडू नये. गवतातून चालताना काठीने पुढची जमीन चाचपावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप प्रत्येकाला चित्रांवरून ओळखता आले पाहिजेत. सर्पदंश झाल्यास जखम चिरणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे जाणे टाळून, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला तत्काळ जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे, कारण प्रतिविष हाच यावरील खात्रीचा उपचार आहे.

एका जागेचे निरीक्षण

दर वेळी नवे ठिकाण पाहण्यापेक्षा घरापासून पायी जाता येईल अशी एकच जागा, उदाहरणार्थ नदीचा शंभर-दोनशे पावलांचा काठ, एखादा पाझर तलाव किंवा आपल्याच शेताचा बांध, निवडून तेथे आठवड्यातून एकदा तरी जाणे अधिक फलदायी ठरते. पहिल्या भेटीत दहा मिनिटे एका ठिकाणी निश्चल बसावे. माणसाच्या येण्याने दबलेले आवाज हळूहळू परत सुरू होतात, आणि मग कोण कोठे बसतो, काय खातो, कोणाला घाबरतो हे दिसू लागते. केवळ जातीचे नाव कळले म्हणजे ओळख झाली असे समजू नये. वागणुकीचे निरीक्षण हा या अभ्यासाचा गाभा आहे. पुढील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

टिटवी सर्वांच्या परिचयाची आहे, परंतु तिचे घरटे फार थोड्यांनी पाहिलेले असते. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत ती उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून, कडेने खडे मांडून, बहुधा चार अंडी घालते. मातकट रंगावर काळे डाग असलेली ही अंडी खड्यांत इतकी मिसळून जातात की दोन पावलांवरूनही दिसत नाहीत, आणि त्यांची निमुळती टोके मध्यभागी जुळलेली असतात. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात. कडक उन्हात त्यांचा हेतू ऊब देण्यापेक्षा सावली धरण्याचा असतो, आणि त्यासाठी ती पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून परत येतात व त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. घरट्याजवळ कोणी आले की टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. हा आरडाओरडा ऐकू येताच निरीक्षकाने आपण अंड्यांच्या जवळ आहोत हे ओळखून, पायाखाली पाहत, आल्या वाटेने मागे फिरावे. पालक पक्षी जितका वेळ हवेत राहतील तितका वेळ अंडी तळपत्या उन्हात उघडी पडतात.

सुगरणीचे घरटे तर खानदेशाच्या वाङ्मयीन स्मृतीचाच भाग आहे, कारण आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी तिच्या खोप्यावर केलेली कविता मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. विहिरीवर किंवा नाल्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना ही घरटी लोंबत असतात. पावसाळा सुरू झाला की नराचे डोके आणि छाती पिवळी होते आणि तो गवताच्या व पात्यांच्या लांब चिरफळ्या चोचीने ओढून विणकाम सुरू करतो. अर्धे काम झाल्यावर घरटे टोपासारखे दिसते. या टप्प्यावर तो पंख फडफडवून मादीला बोलावतो, मादी आत शिरून विणीची पाहणी करते, आणि तिने पसंत केल्यावरच नर अंड्यांची खोली व खाली उतरणारी लांब नळी पूर्ण करतो. नापसंत घरटी अर्धवटच राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये एका झाडावर किती घरटी पूर्ण आहेत, किती अर्धवट आहेत, नर कोणत्या शेतातून पाती आणतो, हे मोजणे शाळेतील मुलांनाही सहज जमते, आणि विहिरीवरची ती बाभूळ तोडू नये हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वर्षाचे चक्र

एकाच जागी वर्षभर गेल्याने ऋतूंबरोबर होणारे बदल ध्यानात येतात. मे अखेरीस किंवा जूनमध्ये आफ्रिकेकडून येणारा चातक आणि शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ असे सांगणारा पावशा पावसाची चाहूल देतात. पाऊस ओसरताना शेतांवर पिवळसर चतुरांचे थवे उडतात. यातील एक जात ऑक्टोबरनंतर अरबी समुद्र व हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत स्थलांतर करते असे मानले जाते. स्थलांतर म्हणजे ठरावीक ऋतूत अन्न व विणीसाठी एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात होणारे नियमित जाणे-येणे. ऑक्टोबरपासून मध्य आशिया, सायबेरिया आणि हिमालयाकडून धोबी, तुतवार, चक्रवाक आणि तलवार बदक यांसारखे पाहुणे डोहांवर व जलाशयांवर उतरतात. ज्वारी निसवली की भोरड्या, म्हणजेच पळसमैना, मोठ्या थव्यांनी येतात. त्या कणसांवर बसतात ही शेतकऱ्याची तक्रार खरी असली, तरी याच पळसमैना आपल्या विणीच्या प्रदेशात टोळधाडीचा मोठा फडशा पाडतात, ही बाजूही ध्यानात ठेवावी. जानेवारी ते मार्च हा काटेसावर, पळस आणि पांगारा फुलण्याचा काळ असतो. अशा एका फुललेल्या झाडाखाली तासभर थांबल्यास मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, कोतवाल आणि खारी यांची मधासाठी चाललेली लगबग पाहता येते. उन्हाळा म्हणजे गिरणेच्या वाळूतील आणि दरडीतील विणीचा हंगाम, आणि म्हणूनच पात्रात सर्वांत जपून वावरण्याचा काळ होय.

नोंद कशी ठेवावी आणि का ठेवावी

प्रत्येक भेटीनंतर तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, ठिकाण, हवामान, दिसलेल्या जाती, त्यांची संख्या आणि वागणूक एवढे लिहावे. जात ओळखता आली नाही तर अंदाजाने नाव न लिहिता आकार, चोच, पायांचा रंग, शेपटीची लांबी आणि आवाज यांचे वर्णन करावे. नेहमीच्या जाती, जसे चिमणी, कावळा, साळुंकी, वगळू नयेत, कारण नोंदीचे खरे मोल नेहमीच्या जातींच्या बाबतीतच प्रकट होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा गिधाडांच्या ऱ्हासातून मिळतो. विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत गिधाडे इतकी सामान्य होती की त्यांची मोजणी करावी असे फार थोड्यांना सुचले. राजस्थानातील भरतपूर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात केलेली मोजणी उपलब्ध होती, म्हणूनच १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच ठिकाणी पुन्हा मोजल्यावर संख्या किती भयानक घटली हे सिद्ध करता आले. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातात व त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे पुढे उघड झाले आणि २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जुनी मोजणीच नसती, तर ऱ्हासाचे प्रमाण सिद्ध करण्यास आणखी वर्षे गेली असती.

दुसरे उदाहरण खुद्द खानदेशातील आहे. रानपिंगळा हे लहान आकाराचे घुबड १८७३ मध्ये शास्त्राला ज्ञात झाले आणि १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय पुरावा मिळेना, तेव्हा ते नामशेष झाले असावे असे मानले गेले. एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेले नमुने आणि त्यांवरील स्थळांच्या नोंदी संग्रहालयांत शिल्लक होत्या. जुन्या नमुन्यांची कसून छाननी करून पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी पुन्हा शोधून काढला. शतकाहून अधिक काळ हरवलेला जीव सापडला तो कागदावर नीट लिहिलेल्या ठिकाणांच्या आधारे. आज यावल अभयारण्यातही त्याचे अस्तित्व ज्ञात आहे.

वहीतील नोंदी पुढे सार्वजनिक करण्याचे तीन मार्ग आहेत. ई-बर्ड या संगणकीय व्यासपीठावर कोणालाही पक्ष्यांच्या याद्या विनामूल्य नोंदवता येतात, आणि फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जागतिक गणनेत पंधरा मिनिटांचे निरीक्षणही चालते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस होय. शाळांनी या आठवड्यात भाषणांऐवजी गावाची पक्षीगणना करावी आणि दरवर्षी त्याच जागी, त्याच वेळी ती पुन्हा करावी. तिसरा मार्ग कायदेशीर आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत व नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची लोकसहभागातून केलेली नोंद, ठेवावी अशी तरतूद आहे. ही नोंदवही अनेकदा कपाटात पडून राहते. सामान्य नागरिकाला ती पाहण्याची मागणी करता येते, आणि तिच्यात नदीकाठावरील विणीच्या जागा, जुनी झाडे व पाणवठे यांची भर घालण्यासाठी आपल्या वर्षभराच्या नोंदी समितीपुढे ठेवता येतात.

निरीक्षकाचे आचार

निरीक्षणामुळे जिवाला त्रास होत असेल तर ते निरीक्षण थांबवावे, हा पहिला नियम आहे. घरट्याजवळ छायाचित्रासाठी ताटकळू नये, आडोशाच्या फांद्या छाटू नयेत, मोबाइलवर ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला बोलावू नये आणि घुबडाच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकू नये. दुर्मीळ जातीच्या घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकल्यास गर्दी व शिकारी दोघांनाही वाट सापडते, म्हणून अशी माहिती केवळ वन विभागाला द्यावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला मारण्याबरोबरच वन्य पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी यांना इजा पोहोचवणे वा त्यांत हस्तक्षेप करणे याचाही समावेश आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. पोपट पाळणे, नागपंचमीला पकडलेल्या नागाला दूध पाजणे आणि खेळ म्हणून गलोलीने पक्षी मारणे हे प्रकारही कायद्याला व सद्‌बुद्धीला सोडून आहेत. साप दूध पचवू शकत नाही, आणि तहानेने व्याकूळ केल्यावरच तो ते तोंडात घेतो.

बिबट्या आणि रोही : सहजीवनाचा कठीण भाग

वन्यजीवांविषयीची आस्था शेतकऱ्याच्या नुकसानीकडे डोळेझाक करून वाढणार नाही. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर पिकांची मोठी नासाडी करतात. अशा वेळी विजेचा प्रवाह सोडलेले तारेचे कुंपण लावणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात माणसांचाही जीव जातो. त्याऐवजी नुकसान होताच वन कार्यालयात लेखी कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा हक्क बजावावा.

बिबट्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०१७ च्या उत्तरार्धात चाळीसगाव तालुक्यात गिरणा परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली आणि डिसेंबरमध्ये त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. ही भीती खरी आहे, आणि तिची चेष्टा कोणी करू नये. त्याचबरोबर अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की बिबटे उसाच्या दाट शेतीतही वर्षानुवर्षे राहतात आणि बहुतांशी माणसाला टाळतात. तर जुन्नरच्या अनुभवाने दाखवले की सापडेल तो बिबट्या पकडून दूर सोडल्याने संघर्ष कमी होण्याऐवजी वाढू शकतो. म्हणून उपाय रोजच्या व्यवहारात शोधावे लागतात. गोठे दारासह बंदिस्त असावेत. रात्री पाणी भरण्यास जाताना दोघांनी मिळून, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत जावे. लहान मुलांना संध्याकाळी पिकाच्या कडेला एकटे सोडू नये. आणि मृत जनावरे व मांसाचा कचरा उघड्यावर टाकू नये, कारण त्यावर वाढणारी मोकाट कुत्री बिबट्याला गावाजवळ आणतात. ऊसतोडीत बछडे सापडल्यास त्यांना हात न लावता, गर्दी न जमवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आईची व पिल्लांची भेट घडवून आणण्याची पद्धत आता विभागाला चांगली अवगत आहे.

घर, शेत आणि गाव यांच्या पातळीवरील कामे

शेतकऱ्याने कापसात व हरभऱ्यात पक्षी थांबे उभारावेत. पक्षी थांबा म्हणजे पिकाहून थोडी उंच, टी आकाराची काठी. एकरी साधारण आठ-दहा काठ्या रोवल्यास कोतवाल, साळुंकी आणि नीलपंख त्यांवर बसून अळ्या टिपतात. कीटकनाशक चोळलेले बियाणे उघड्यावर सांडू देऊ नये, कारण मोर आणि कबुतरे ते खाऊन मरतात. बांध पेटवू नये. किमान एका बाजूची झुडपे राखावीत. ढोली असलेले जुने झाड फळ देत नाही म्हणून तोडू नये, कारण पिंगळ्याला नवी ढोली सहजासहजी मिळत नाही आणि उंदरांवरील त्याचा वचक कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त पडतो. घुबड अशुभ असते हा समज शेतकऱ्याच्याच हिताविरुद्ध आहे. उघड्या, कठडा नसलेल्या विहिरींना कठडा बांधल्यास प्राणी आणि माणसे दोघेही वाचतात. संक्रांतीला नायलॉन मांजा घरात येऊ देऊ नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे.

गिरणेच्या बाबतीत मात्र व्यक्तिगत प्रयत्न पुरत नाहीत. वाळू उपसा झाला की टिटवीची व चिखल्याची विणीची जागा जाते, दरडी कोसळून वेडा राघू आणि खंड्या यांची बिळे बुजतात, आणि वाळूत साठणारे पाणी नाहीसे झाल्याने काठच्या विहिरीही खोल जातात. म्हणजे पक्ष्यांची जागा राखणे आणि विहिरीचे पाणी राखणे ही येथे एकच मागणी आहे. अवैध उपशाची तक्रार तहसील कार्यालयात लेखी द्यावी, आणि ग्रामसभेत वाळूविषयी चर्चा होते तेव्हा विणीच्या जागांच्या लिखित नोंदी पुढे ठेवाव्यात. तारीख, ठिकाण आणि घरट्यांची संख्या असलेला एक साधा कागद भावनिक भाषणापेक्षा अधिक काळ टिकतो, कारण तो कार्यवृत्तात जोडला जातो आणि पुढच्या वर्षी त्याच्याशी तुलना करता येते.

भडगाव तालुक्यातील प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक गावातील चार-पाच कुटुंबांनी आपापली एक जागा निवडून येत्या पक्षी सप्ताहापासून वर्षभराची नोंद सुरू करावी, आणि वर्ष संपताच तिची एक प्रत आपल्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे पोच घेऊन दाखल करावी, एवढे आवाहन येथे करावेसे वाटते. या कामाला परवानगी लागत नाही, निधी लागत नाही आणि मुहूर्तही लागत नाही.